वाचनाचा खंड आणि पोथीचे आवर्तन : गुरुकुंज मोझरीच्या परिसरातील वाचनपरंपरेविषयी काही विचार

मराठी बोलणारा मनुष्य स्वतःच्या वाचनाविषयी तक्रार करू लागला म्हणजे ‘मी वाचत नाही’ असे तो सहसा म्हणत नाही. ‘वाचन सुटले’, ‘हातून वाचन होत नाही’, ‘अलीकडे मला वाचवत नाही’ अशी त्याची वाक्ये असतात. व्याकरणदृष्ट्या ही तिन्ही वाक्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिल्यात वाचन हाच कर्ता असून तो आपण होऊन सुटून गेला आहे. दुसऱ्यात मनुष्य ‘हातून’ एवढ्या रूपाने, केवळ साधन म्हणून, मागे उरला आहे. तिसऱ्यात जे क्रियापद आले आहे त्याला मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) आपण शक्यक्रियापद म्हणून ओळखतो. ‘मी चालत नाही’ आणि ‘मला चालवत नाही’ यांत जो भेद आहे तोच येथेही आहे. पहिल्या वाक्यात इच्छेचा अभाव असू शकतो. दुसऱ्यात इच्छा शाबूत असते, सामर्थ्य मात्र खचलेले असते. भाषेने हा भेद करून ठेवला आहे, आणि वाचन सुटलेल्या माणसास आळशी ठरविण्याची घाई करणाऱ्यांनी तो ध्यानात घेतलेला बरा.

अन्नावरची वासना उडते त्यास वैद्य अग्निमांद्य म्हणतात. त्याच चालीवर या अवस्थेस वाचनमांद्य म्हणावयास हरकत नसावी. प्रस्तुत लेखात या वाचनमांद्याचा विचार वैयक्तिक दोष म्हणून न करता इतिहासाच्या अंगाने करावयाचा आहे, व त्यासाठी वऱ्हाडचा, त्यातही अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरीच्या आसपासचा प्रदेश घेतला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या प्रदेशातील जुन्या वाचनव्यवस्थेत खंड पडणे हे गृहीतच धरलेले होते, आणि खंडानंतर वाचनाकडे परतण्याची वाटही त्या व्यवस्थेतच होती. एकट्याने, मनातल्या मनात करावयाचे वाचन रूढ झाले तेव्हा खंड तर राहिलाच. परतीची वाट तेवढी राहिली नाही.

या विषयाकडे मी निव्वळ जिज्ञासेने वळलो असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रबंध सादर केल्यानंतर सुमारे दीड वर्ष माझे स्वतःचे वाचन बंद पडले होते. अध्यापनाला लागणारी पाने मी चाळीत असे, सूची पाहत असे, एखादे अवतरण पडताळून घेत असे. परंतु पुस्तक पहिल्या पानापासून हाती घेतले की पाचव्या-सहाव्या पानावर ते खाली ठेवले जाई. भाषेच्या अध्यापकाला हे कोणाजवळ बोलता येत नाही. विद्यार्थ्यांना ‘मूळ ग्रंथ वाचा’ असे सांगताना जी चोरटी भावना मनात येई तिचा उल्लेख येथे एवढ्याचसाठी करतो की, पुढील विवेचनातील काही निरीक्षणांचा उगम त्या भावनेत आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. ‘वाचणे’ हे क्रियापद संस्कृत ‘वाचयति’पासून आलेले आहे, आणि ‘वाचयति’ हे ‘वच्’ म्हणजे बोलणे या धातूचे प्रयोजक रूप होय. शब्दाच्या पोटात असलेला अर्थ ‘बोलावयास लावणे’ असा आहे: वाचणारा मनुष्य लिहिलेल्या पानास बोलावयास लावतो. (‘जगणे, निभावणे’ या अर्थाचे ‘वाचणे’ वेगळ्या मुळाचे आहे, दोहोंची सांगड घालून सुभाषिते रचण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो येथे आवरला आहे.) ध्वनीशी असलेले हे नाते केवळ आपल्याकडचे नव्हे. मिलान येथील बिशप अँब्रोज हे ओठ न हलविता वाचीत बसत, याची नोंद ऑगस्टिनने आपल्या आत्मनिवेदनाच्या सहाव्या भागात मुद्दाम केली आहे. ही गोष्ट चौथ्या शतकाच्या अखेरची. या नोंदीवरून प्राचीन काळी मूक वाचन कोणास ठाऊकच नव्हते असे अनुमान एके काळी काढीत असत. अलीकडील अभ्यासक ते मानीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परंतु पुस्तकाचा स्वाभाविक निवास कानात असतो, डोळा हा त्याचा दरवाजा, ही समजूत मात्र तिकडे व इकडे दीर्घकाळ टिकून होती.

मोझरीहून फार दूर नसलेले, याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे गाव या बाबतीत विशेष बोलके आहे. चक्रधरस्वामींच्या नंतर त्यांचे अनुयायी गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात येथे जमले, आणि तेराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशात म्हाइंभटाने ठिकठिकाणी हिंडून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महानुभाव परंपरा असे सांगते की, पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली व निरनिराळ्या अनुयायांनी आपापल्या स्मरणावरून तिचे पाठ पुन्हा तयार केले. आज लीळाचरित्राचे जे अनेक पाठ मिळतात त्यांच्या मुळाशी ही घटना आहे असे मानले जाते. पोथी गेल्यानंतरही जी माणसे ती सांगू शकत होती, त्यांनी ती डोळ्यांनी एकदा चाळून ठेवलेली नव्हती. पुनःपुन्हा, मोठ्याने, एकमेकांच्या साक्षीने ती म्हटलेली होती. पुढे याच पंथाने आपले ग्रंथ सकळ इत्यादी सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले आणि काही शतके हे सारे वाङ्मय बाहेरच्या मराठी वाचकास अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांची उकल अभ्यासकांच्या हाती आली. एखाद्या भाषेचे आपल्या आद्य गद्यग्रंथाशी असलेले वाचन इतका काळ खंडित राहावे आणि पुन्हा सुरू व्हावे, हेही एक प्रकारचे आवर्तनच. त्या रिद्धपुरात आता मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले आहे.

परंतु सामान्य वऱ्हाडी कुटुंबाचे वाचन म्हणजे लीळाचरित्र नव्हे. ते वाचन म्हणजे चातुर्मासातील पोथी. श्रीधराचे ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३), ‘पांडवप्रताप’ (१७१२) व ‘शिवलीलामृत’ (१७१८) हे चार ग्रंथ अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत रचले गेले आणि मराठी मुलुखाच्या बहुतेक सर्व भागांत पसरले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मुंबईच्या छापखान्यांनी ते सुट्या, आडव्या पानांच्या पोथीच्या आकारात छापले. पुस्तक बांधणीचे करता येत असतानाही आकार पोथीचाच ठेवला, यावरून ते कोणत्या रीतीने वाचले जाणार हे छापणाऱ्यांना पक्के ठाऊक होते असे दिसते. पान उलटावयाचे नसते, उचलून पालथे ठेवावयाचे असते. उजेड एकच असतो आणि ऐकणारे वाचकाच्या तिन्ही बाजूंना बसलेले असतात.

‘पोथी लावणे’ हा या संदर्भातील शब्दप्रयोग पाहा. दिवा लावावा, रोप लावावे, तशी पोथी ‘लावतात’. ती सुरू केली असे म्हणत नाहीत. लावलेली गोष्ट लावण्याचा एक काळ असतो व ती आवरण्याचाही असतो. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचे चार महिने हा पोथीचा काळ. वऱ्हाडच्या शेतीशी हा काळ बराचसा जुळतो. मृगाची पेरणी उरकलेली असते. डवरणी आणि निंदणाची कामे चालू असली तरी पावसामुळे ती मधूनमधून थांबतात. संध्याकाळी चिखलातून परगावी जाणे नको वाटते. पुढे कापसाची वेचणी जोरात आली की माणसाला पोथीकडे पाहावयास सवड नसते, आणि समाप्ती होऊन पोथी कापडात बांधून फडताळात गेलेली असते. पोथी फडताळात आहे म्हणून कोणी खंत करीत नाही. आठ महिन्यांच्या या खंडाला कोणी वाचनमांद्य म्हणाले असते तर गावकरी हसले असते. खंडाला दोन्ही टोके होती आणि परतीची तिथी पंचांगात छापलेली होती.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्या खंडाला शेवट ठरलेला नाही तोच माणसाला खातो. एखादा शिक्षित मनुष्य दोन महिने वाचू शकला नाही की त्याला वाटते, आता हे असेच राहणार. आणि या भीतीने तो पुस्तकाजवळ जाणेच टाळतो. पोथीच्या वाचकावर हा प्रसंग येत नसे. त्याच्या परतण्याचा दिवस त्याने स्वतः ठरविलेला नसून गावाने ठरविलेला असे, आणि त्या दिवशी त्याला वाचावेसे वाटते की नाही हा प्रश्न कोणी विचारीत नसे.

दुसरी गोष्ट अशी की, तो ज्याकडे परतत असे ते त्याला आधीच ठाऊक असे. माझी आजी शाळेत गेलेली नव्हती. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय तिने लहानपणापासून ऐकून पाठ केला होता, व पुढे पन्नाशीच्या सुमारास तिच्या हाती पोथी आली तेव्हा म्हणता येत असलेल्या ओव्यांखाली बोट फिरवीत फिरवीत तिने अक्षरे ओळखली. शाळेत प्रथम अक्षर, मग शब्द, मग अर्थ असा क्रम असतो; तिचा क्रम नेमका उलटा होता. आज भाषेच्या आकलनाचा अभ्यास करणारे असे मानतात की वाचणारा प्रत्येक शब्द नव्याने उलगडीत नाही; पुढे काय येणार याचा अंदाज तो सतत बांधीत असतो आणि डोळा तो अंदाज पडताळतो. थकलेल्या मनाला जड जाते ते हे अंदाज बांधणे. ठाऊक असलेल्या मजकुरात ते श्रम थोडे लागतात, म्हणून वाचन सुटलेला मनुष्य नव्या ग्रंथाकडे जाऊन हरतो, आणि पूर्वी वाचलेल्याकडे गेला तर बहुधा टिकतो. चातुर्मासात दर वर्षी तीच पोथी का लावतात, याला धार्मिक कारण आहेच. परंतु त्या व्यवस्थेचा वाचनावरचा परिणाम धर्माच्या बाहेर जातो.

या जुन्या घडीशेजारी दुसरी घडी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. पुढील दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) कापसाला न भूतो असा भाव आला, रेल्वे आली, आणि अकोला व अमरावती ही कापसाच्या बाजाराची शहरे झपाट्याने वाढली. वकील, कारकून, शिक्षक, दलाल असा एक नवा वर्ग तेथे जमला व त्याने वाचनालये काढली. अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय १८६० चे; अमरावतीचे नगर वाचनालयही त्याच शतकाच्या उत्तरार्धातले. वऱ्हाडच्या वैचारिक जीवनात या संस्थांनी केलेले कार्य मोठे आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु तेथील वाचन वेगळ्या जातीचे होते. वर्तमानपत्र रोज नवे असते, कादंबरी एकदा वाचून परत करावयाची असते, आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते. या वाचकाला मागील वर्षीचे पान पुन्हा भेटत नाही, व तो आज आला नाही तर त्याची वाट पाहणारे कोणी नसते.

शाळांतून हेच मूक वाचन खेड्यात गेले. तेथे ते रुजण्यापूर्वीच बहुतेक ठिकाणी वाळून गेले. १९२९ च्या हारटॉग समितीच्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानाविषयी दिलेली एक संख्या शिक्षणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे: १९२२-२३ साली पहिल्या इयत्तेत असलेल्या दर शंभर मुलांपैकी तीन वर्षांनंतर चौथीत पोहोचलेली मुले केवळ अठरा होती. समितीने यास अपव्यय व कुंठितता अशी नावे दिली. गळलेल्या मुलांना अक्षरे ठाऊक नव्हती असे नव्हे. ती येऊन गेली. वाचता येत असलेला मनुष्य वाचीनासा होतो व काही वर्षांत निरक्षरांत मोडू लागतो, ही वाचनमांद्याची सर्वांत कठोर तऱ्हा होय. आणि आपण सुशिक्षित मंडळी जिला वाचनमांद्य म्हणतो ती तिचीच सौम्य बहीण आहे. दोहोंत सामान्य असलेली गोष्ट ही की, परतावयाचे तर कोठे व कोणाजवळ, हे कोणी सांगून ठेवलेले नसते.

या पार्श्वभूमीवर गुरुकुंज मोझरी पाहावयास हवे. नागपूर-अमरावती रस्त्यावर, तिवसे तालुक्यात, १९३५ साली तुकडोजी महाराजांनी येथे आश्रम स्थापन केला. त्यांचा जन्म १९०९ साली याच जिल्ह्यातील यावली येथे झाला होता. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. मराठी तिसरी-चौथीच्या पुढे त्यांची शाळा गेली नाही. म्हणजे हारटॉग समितीने ज्यांना अपव्ययात जमा धरले असते अशांपैकी ते एक होते, आणि पुढे २००५ साली नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. हा योगायोग मला मोठा सूचक वाटतो, पण त्यावर अधिक भार देत नाही.

खंजिरीवरील भजनांमुळे त्यांची कीर्ती झाली, १९४२ साली त्यांना कारावास घडला, १९६८ साली त्यांचे निधन झाले. हे सर्व वाचकांस ज्ञात आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे त्यांनी गावोगावच्या श्री गुरुदेव सेवा मंडळांतून रुजविलेली सामुदायिक प्रार्थना. रोज ठरलेल्या वेळी, जातपात न पाहता, गावातील माणसांनी एका जागी बसावे ही ती योजना. जुन्या पोथीवाचनाला एक मर्यादा होती व ती दडवून चालणार नाही. पोथी ज्या ओसरीवर लागे त्या ओसरीवर सर्वांना बसता येत नसे. कोणी आत बसे, कोणी पायरीवर, आणि कोणी अंगणाबाहेरच उभा राही. ऐकण्याचा अधिकारही समान नव्हता. सामुदायिक प्रार्थनेची बैठक सर्वांसाठी एकच ठेवून गुरुकुंजाने वाचनाला नवी जागा मिळवून दिली असे म्हणता येईल. प्रत्येक गावात ही समानता किती उतरली हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

या जागेत वाचावयाचा ग्रंथ म्हणून ‘ग्रामगीता’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. अध्याय एकेचाळीस, ओव्या सुमारे चार हजार सहाशे पंचाहत्तर. म्हणजे सरासरीने अध्यायास एकशे चौदा ओव्या पडतात. सावकाश, अर्थ कळेल अशा बेताने वाचल्यास एका ओवीस दहा-बारा सेकंद लागतात असे मी घड्याळ लावून पाहिले आहे. त्या मानाने एक अध्याय वीस ते तेवीस मिनिटांत होतो. रोज एक अध्याय घेतल्यास सव्वा महिन्याहून थोड्या अधिक काळात ग्रंथ पुरा होतो, आणि चातुर्मासात जवळजवळ तीन आवर्तने बसतात. शेतावरून थकून आलेला मनुष्य कंटाळल्याशिवाय जेवढा वेळ बसू शकेल तेवढ्याच वेळाचा हा घास आहे.

ओवीच्या घडणीचाही यात वाटा आहे. तीन चरण सारख्या यमकाचे आणि चौथा आखूड, बिनयमकाचा, ही ग्रांथिक ओवीची रचना सर्वपरिचित आहे. श्वासाच्या दृष्टीने पाहिले तर पहिल्या तीन चरणांत आवाज चढत राहतो आणि चौथ्यावर उतरून थांबतो. तेथे श्वास घ्यावाच लागतो. गद्य परिच्छेदात थकलेल्या वाचकाला थांबावयास अधिकृत जागा सापडत नाही, मध्येच थांबला तर त्याला अपराधी वाटते. ओवीत दर दहा-बारा सेकंदांनी थांबा आहे, आणि तेथवर जे आले ते बहुधा पूर्ण वाक्य असते. ग्रामगीतेची भाषा याला आणखी अनुकूल आहे. संस्कृत पांडित्य तीत थोडे. वऱ्हाडच्या बोलीत मुरलेले हिंदी वळणाचे शब्द पुष्कळ. विषयही गावचेच आहेत: ग्रामशुद्धी, आरोग्य, गोवंश, सण-उत्सव, श्रम, स्त्रियांची उन्नती. काव्यगुणांच्या कसोटीवर ज्ञानेश्वरीशेजारी तिला कोणी बसवू नये. तशी तिची मागणीही नाही. ज्याला पान वाचवत नाही त्याला चार ओव्या वाचवतील, ही तिची योग्यता येथे प्रस्तुत आहे.

ग्रंथाच्या शेवटी वाचनाचाच विचार आला आहे, याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. चाळिसावा अध्याय ग्रंथाध्ययनाचा असून एकेचाळिसावा ग्रंथमहिम्याचा आहे. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस फलश्रुती असते: इतकी पारायणे केली असता अमुक प्राप्त होते. ग्रामगीतेची भूमिका याहून निराळी आहे. आपला ग्रंथ पारायणापुरता नव्हे, अर्थ मनात धरून जीवन बदलण्यासाठी आहे, असे ग्रंथकर्त्याने स्पष्ट बजावले आहे. येथे एक पेच उभा राहतो व तो मला प्रामाणिक वाटतो. पारायणाची शिस्त वाचकाला परत आणते. पण पारायण हेच वाचन मारतेही. डोळा पुढे जातो, जीभ चालते, संख्या पुरी होते, आणि मन दुसरीकडे असते. सात दिवसांत मोठा ग्रंथ संपविण्याच्या संकल्पात हे वारंवार घडते. माझ्या स्वतःच्या दीड वर्षातील पुस्तके चाळणे हेही एक पारायणच होते, फक्त फलश्रुती वेगळी होती. ग्रामगीतेने पारायणाचा आराखडा घेतला व पारायणाचे पुण्य नाकारले. ही तडजोड सर्वत्र साधली असे म्हणवत नाही. ग्रामगीतेचीही पारायणे होतात आणि तीत गैर काही आहे असे पारायण करणाऱ्यांना वाटत नाही.

तरीही हा आराखडा केवळ भक्तिपरंपरेचा विशेष नव्हे, हे दाखविण्यास एक दूरचे उदाहरण पुरे आहे. क्यूबातील हवाना शहरी १८६५ पासून विड्या वळण्याच्या कारखान्यांत कामगारांनी स्वतःच्या पैशाने वाचक नेमण्याची प्रथा पाडली. उंच बैठकीवर बसून तो वर्तमानपत्रे व कादंबऱ्या वाची आणि कामगारांचे हात चालू राहत. तेथे देव नाही, चातुर्मास नाही. परंतु ठरलेली वेळ, एकाचा आवाज, अनेकांचे कान ही तीन अंगे तीच आहेत. आपल्याकडे १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेपुढेही हाच प्रश्न होता. अक्षरे शिकविणे काही महिन्यांचे काम. शिकलेली अक्षरे टिकविणे हे खरे कठीण, आणि त्यासाठी गावात वाचावयास काही असावे लागते व ते वाचावयास एकत्र बसावे लागते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने पहिल्या गरजेची कायदेशीर तरतूद केली. दुसरी गरज कायद्याच्या आवाक्यातील नाही.

मोझरीच्या बाजूस मी गेलो तो वाचनमांद्याचा अभ्यास करावयास नव्हे. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा उच्चार ‘य’ होतो: डोळा तो डोया, काळा तो काया. हे बोलणारी माणसे ग्रंथ मोठ्याने वाचताना कोणता उच्चार करतात, एवढे मला टिपावयाचे होते. आश्रमापासून काही अंतरावरील एका गावी श्रावणात ग्रामगीता लागली होती. संध्याकाळची प्रार्थना आटोपली, दिवे नीट केले, आणि नेहमी वाचणारे वृद्ध शेतकरी माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, आज तुमीच वाचा जी. माहा गया बसला हाय.” गळ्याचा गया मी वहीत टिपला. वाचावयाचे मात्र टाळता आले असते तर मी टाळले असते.

मी सुरुवात केली व विद्यापीठीय सवयीने वेग घेतला. डोळा एक ओवी पुढे, जीभ मागे. पंधरा-वीस ओव्या झाल्या असतील, तोच समोरून एक बाई म्हणाल्या, “हयूहयू वाचा ना जी, आमाले समजलं पायजे.” कोणी हसले नाही. मी पुन्हा त्याच ओवीपासून, हळू, वाचू लागलो. ज्याला समजावयास हवे असे कोणी समोर बसलेले असते तेव्हा न समजता पुढे जाता येत नाही. इतकी साधी गोष्ट मला चाळीस वर्षे ओलांडल्यावर अनुभवास आली. अध्याय संपावयास माझ्या हिशेबापेक्षा बराच अधिक वेळ लागला, कारण मधूनमधून ते वृद्ध गृहस्थ अर्थ सांगत, आणि एकदा तर गावच्या विहिरीवरून दोघांत चांगलाच वाद झाला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसलो. दीड वर्षात सलग दोन दिवस एकच पुस्तक मी हाती धरल्याचा तो पहिला प्रसंग होता. घरी आल्यावर मी लीळाचरित्र काढले व रोज रात्री दोन-तीन लीळा मोठ्याने वाचू लागलो. ऐकावयास घरातील धाकटी मंडळी कधी असत, कधी नसत. पुढे मूक वाचनही सुरू झाले. त्याचे श्रेय नेमके कशास द्यावे हे सांगता येणार नाही, आणि एका माणसाच्या अनुभवावरून सिद्धांत काढावयाचा नसतो.

उच्चारांविषयीचे निरीक्षण असे की, मी ऐकलेल्या वाचकांपैकी वयस्क वाचक पोथी वाचताना ‘ळ’ स्वच्छ उच्चारीत आणि अर्थ सांगावयास लागताच ‘य’वर येत. एकाच बैठकीत, एकाच तोंडी, दोन भाषारूपे अशी ओवीगणिक पालटत. वाचनाची भाषा वेगळी आहे आणि ती आपलीही आहे, असे दोन्ही भाव त्यांत होते. तरुण वाचकांत हा भेद तितका स्पष्ट आढळला नाही. शाळेमुळे त्यांच्या बोलण्यातही ‘ळ’ पुष्कळ येतो. या सामग्रीची स्वतंत्र मांडणी करण्याचा विचार आहे.

निघताना त्या वृद्ध वाचकांना मी विचारले की रोज वाचन होते काय. त्यांनी पोथी उघडून खूण दाखविली. सरकीच्या बियाण्याच्या पिशवीची ती कातरलेली पट्टी होती व ती सव्विसाव्या अध्यायावर होती. ग्रंथ आषाढी एकादशीस लावलेला, तो दिवस श्रावण वद्य द्वितीयेचा. म्हणजे सुमारे सदतीस दिवसांत सव्वीस अध्याय. मधल्या अकरा दिवसांचा हिशेब त्यांनी बोटांवर करून सांगितला. चार दिवस निंदणाची घाई होती, तीन दिवस पावसाने वीज गेली होती, गावात एक मयत झाली तिचे तीन, आणि एक दिवस त्यांना स्वतःला नीट आठवत नव्हता. मग त्यांनी पट्टी सत्ताविसाव्या अध्यायात सरकवून पोथी कापडात बांधली.